जागा नाही, असं कोण म्हणतं?



गेल्या वर्षभरात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला पाठ झालंय. "ताई, तुमचं काम चांगलंच आहे हो, पण ही वास्तू त्यासाठी नाही."

काय झालं ते सांगते. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये मी काम करते. आमचा घरकामगार बायकांचा गट आहे. बाई सकाळी सहाला घर सोडते, चार घरची धुणीभांडी उरकते आणि दुपारी परतते. तान्हं मूल तोवर शेजारणीकडे असतं. शेजारीण नसली तर सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीकडे, आणि त्या थोरलीची शाळा तिथंच सुटते. म्हणून आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या. एकीत पाळणाघर चालवायचं आणि दुसरीत आठवड्यातून दोन दिवस बसायचं. मारहाण, नवऱ्यानं टाकणं, घरातून हाकलणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बाईला चार माणसांच्या नजरेआड बोलता यावं, एवढीच अपेक्षा. वस्तीपासून दहा मिनिटांवर एक सार्वजनिक इमारत आहे. तिच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या कायम कुलूपबंद असतात. खिडकीच्या फटीतून बघितलं तर आत मोडक्या खुर्च्या, मांडवाचे बांबू आणि कुणाच्या तरी सत्काराचे जुने फलक.

अर्ज केला. स्मरणपत्र दिलं. पुन्हा अर्ज केला. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, चहा विचारतात. पण उत्तर ठरलेलं. वास्तू त्यासाठी बांधलेली नाही, वापर बदलता येत नाही, नियमात बसत नाही. कुठला नियम, असं विचारलं की साहेब फाईल मिटतात.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला शिकवलं होतं की वस्तीत गेल्यावर आधी उपलब्ध साधनांची यादी करावी. माणसं, पैसा, जागा. वर्गात हे सोपं वाटायचं. प्रत्यक्षात जागेपाशी गाडी अडते. जागा डोळ्यांसमोर असते, तिच्यावर कुलूप असतं आणि कुलपावर एक वाक्य लटकत असतं.

या वाक्याला चोख उत्तर मला सापडलं ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. मुंबईच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका घुमटाच्या इमारतीत सापडलं.

गटातल्या बायकांना घेऊन एका रविवारी मी म्युझियम बघायला गेले. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. आमच्यातल्या बऱ्याच जणींचा जन्म मुंबईतला, पण त्या भागात एक तर कामाला गेलेल्या नाहीतर मोर्चाला. म्युझियमच्या आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरल्यावर सगळ्याजणी मान वर करून घुमटाकडे बघत राहिल्या. मधला तो प्रचंड चौक, सभोवती मजल्यामजल्यांवरचे सज्जे, लाकडी कमानी. एक मावशी म्हणाल्या, "एवढी जागा! इथं आधी कोण राहत होतं?"

राहत कुणीच नव्हतं, हे म्युझियमसाठीच बांधलंय, असं मी सांगितलं. पण तेवढ्यावर थांबता येईना, कारण मला पुढची हकीकत माहीत होती. ती बायकांना सांगितली, तीच इथं लिहिते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या काही प्रतिष्ठित नागरिकांच्या मनात आलं की या शहराला एक मोठं वस्तुसंग्रहालय हवं. इंग्लंडचे युवराज १९०५ साली मुंबईला येणार होते, तेव्हा त्यांच्या भेटीचं स्मारक म्हणून ते उभारायचं ठरलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांनी कोनशिला बसवली. हेच पुढे राजे पंचम जॉर्ज झाले. सरकारनं चंद्रकोरीच्या आकाराचा मोक्याचा भूखंड दिला. धनिकांनी देणग्या दिल्या. आराखड्यांची स्पर्धा झाली आणि १९०९ साली जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराकडे काम सोपवलं गेलं. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडाही यांचाच. विटेटनी विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट चढवला, मोगली पद्धतीचे सज्जे काढले आणि नाशिककडच्या एका जुन्या वाड्याच्या लाकडी कमानी आणून आत बसवल्या. दगड मात्र इथलाच. मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा काळा. हे सांगितलं तेव्हा आमच्या कुर्ल्याच्या बायकांनी भिंतीला हात लावून पाहिला.

इमारत १९१४-१५च्या सुमारास पूर्ण झाली. आता पुढचं नीट ऐका. इमारत तयार, तरी म्युझियम उघडलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं आणि मुंबई हे त्या युद्धाचं मोठं बंदर होतं. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं परदेशी आघाड्यांवर गेली. जहाजं भरून माणसं जात होती आणि जखमी, आजारी होऊन परत येत होती. खाटा टाकायला जागा हवी होती. म्युझियमची कोरी इमारत ताब्यात घेतली गेली आणि तिथं लष्करी रुग्णालय झालं. याच इमारतीत त्या काळात बालकल्याण केंद्रही चाललं. म्युझियमच्या मंडळाला स्वतःची इमारत हातात मिळाली १९२० साली. उद्‌घाटन झालं १० जानेवारी १९२२ रोजी. कोनशिला बसल्यापासून सोळा वर्षं उलटून गेल्यावर.

म्हणजे काय झालं? ज्या छताखाली आज मूर्ती आणि लघुचित्रं आहेत, तिथं सगळ्यात आधी वस्तूंची नाही तर जिवंत माणसांची सोय झाली होती. आजारी माणसं आणि लहान मुलं. संग्रहालय म्हणून कायदा करून, स्पर्धा घेऊन, देणग्या गोळा करून बांधलेल्या इमारतीत.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे इथं पोरं होती? मग हे आपल्या साहेबांना सांगा की!"

तेच तर सांगायला हा लेख लिहितेय. वास्तूची मोडतोड न करता, घुमट न पाडता, तिचा वापर बदलता येतो. उंच छत, मोठ्या खिडक्या, खेळती हवा या गोष्टी मूर्तीला जशा चालतात तशा रुग्णालाही चालतात. दगडाला काहीच अडचण नसते. अडचण असते ती ठरवणाऱ्याच्या मनात. 'जागा नाही' हे वाक्य ऐकलं की आपण बायका पटकन गप्प होतो, कारण ते जमिनीच्या मोजमापासारखं खरं वाटतं. ते मोजमाप नाही, निर्णय आहे. तो कुणीतरी घेतलेला असतो आणि दुसऱ्या कुणासाठी तरी तो बदललेलाही असतो.

यावर साहेब म्हणतील, आणि आपल्यातल्याही काहीजणी म्हणतील, की ते युद्ध होतं, आणीबाणीची वेळ होती, तिची बरोबरी पाळणाघराशी कशी करता? शिपायाला खाट मिळाली याचं मला मुळीच दुःख नाही. पोटासाठी भरती झालेला शिपाई कुणा गरीब आईचाच मुलगा. माझा प्रश्न वेगळा आहे. आणीबाणी कशाला म्हणायचं, हे कुणी ठरवलं?

त्याच काळातल्या मुंबईकडे पाहा. शहरातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांचं बिऱ्हाड एका खोलीत होतं. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन मुंबईला येत. जन्माची नोंद गावाला आणि मृत्यूची नोंद इथं, त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला आहे हे मान्य करू. तो थोडा खाली आणला तरी अंगावर काटा येतो. आणि या आकड्यांची फोड काय सांगते? एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत बालमृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि खोल्या वाढत जातील तसं ते कमी. मूल जगणार की मरणार, हे आईबापांच्या खोल्यांच्या संख्येवरून ठरत होतं. जागेचा प्रश्न इतका सरळ जिवाशी भिडलेला होता.

गिरणीतल्या बाईनं तान्हं मूल कुठं ठेवायचं? १९२२च्या सुमारास मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरला गिरणीकामगार बायकांच्या परिस्थितीची पाहणी करायला नेमलं होतं. कामावर जाताना मुलाला अफू चाटवून झोपवण्याची रीत किती सर्रास होती, ते त्या पाहणीतून पुढे आलं. आई क्रूर होती म्हणून हे घडत नव्हतं. पाळण्याला जागा नव्हती, बघायला माणूस नव्हतं आणि गिरणीचा भोंगा थांबत नव्हता. म्हणजे ज्या सुमाराला घुमटाखाली म्युझियमचं उद्‌घाटन होत होतं, त्याच सुमाराला लालबाग-परळच्या चाळींतून पोरं अफूच्या गुंगीत पडलेली होती. ही आणीबाणी नव्हती? ती जाहीर कुणी केली नाही, एवढंच. युद्ध जाहीर करतात. बायकांच्या घरातली आणीबाणी कुणी जाहीर करत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणाची इमारत ताब्यात घेतली जात नाही. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या रजेचा आणि पैशाचा कायदा मुंबई इलाख्यात मिळाला तो १९२९ साली, आणि तोही मोठ्या भांडणानंतर.

म्युझियमच्या घुमटाखालचं बालकल्याण केंद्र हलवून तिथं कलावस्तू आणल्या नसत्या तर ही मुलं जगली असती, असा हिशेब मी मांडत नाही. एका केंद्रानं एवढं मोठं दुखणं बरं होत नसतं. शहरात इतर कामंही होत होती. याच विटेटनी आराखडा केलेलं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह पुढे १९२६ साली परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यावर उभं राहिलं. मला म्हणायचं आहे ते एवढंच की शहराकडे जागा होती, देणगीदार होते, आराखडा काढणारे होते. काय आधी आणि काय नंतर, याचा क्रम लावणाऱ्यांत मात्र चाळीतली बाई नव्हती.

आता उद्‌घाटनाकडे वळू. जानेवारी १९२२. दोनच महिन्यांपूर्वी, १७ नोव्हेंबर १९२१ला, दुसरे युवराज म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड मुंबईला उतरले होते. गांधीजींनी बहिष्काराची हाक दिली होती, परदेशी कापडाची होळी झाली, शहरात दंगली पेटल्या, माणसं मेली. ज्या पदवीच्या नावानं शहर असं पेटलं होतं, त्याच पदवीचं नाव कपाळावर घेऊन म्युझियम लोकांसाठी उघडलं.

उद्‌घाटन केलं एका बाईनं! असं वाचलं की आपल्याला बरं वाटतं. कोण ही बाई? म्युझियमच्या इतिहासात नाव दिलेलं असतं लेडी लॉईड, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या पत्नी. तिचं स्वतःचं नाव ब्लांश होतं. ते शोधायला दुसरी पुस्तकं चाळावी लागतात. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या गव्हर्नरची बायको, पण नोंदीत ती नवऱ्याच्या आडनावाइतकीच उरली. मग मालाड-कुर्ल्याच्या दगडाची काय कथा! मुंबईत बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बायका तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. डोक्यावर चुंबळ, कडेला मूल, मुकादमाच्या शिव्या आणि पुरुषापेक्षा कमी मजुरी. कोनशिलेवर नाव युवराजाचं असतं. चुंबळीची नोंद कुठल्याही कोनशिलेवर नसते.

संग्रह कुणाच्या नावे आले तेही बघण्यासारखं आहे. सर रतन टाटांचा संग्रह १९२१ साली, सर दोराब टाटांचा १९३३ साली. दोन्ही मोठे आणि मोलाचे संग्रह, त्याबद्दल ऋणी राहायलाच हवं. पण दोराबजींच्या पत्नी मेहरबाई टाटा या काही नुसत्या घर सजवणाऱ्या बाई नव्हत्या. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९च्या शारदा कायद्याच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. संग्रह ओळखला जातो तो 'सर दोराब' म्हणून. अनेक वर्षांनी कार्ल आणि मेहरबाई खंडालावाला असा जोडीनं नाव असलेला संग्रह याच म्युझियममध्ये आला. म्हणजे दोघांचं नाव लावायला काही अडचण नव्हती. पाटीवर जागा होतीच.

आणि आत काय आहे? दगडाच्या देवी आहेत, यक्षिणी आहेत, लघुचित्रांतल्या नायिका आहेत. अकबर बादशहाचं १५८१ सालचं चिलखत आहे. बाईचं रूप घडवून ठेवलेलं जागोजाग दिसतं, बाईचं काम शोधावं लागतं. परतताना आमच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली, "ताई, एवढ्या बायका आहेत इथं, पण काम करताना फार थोड्या दिसतात." मी या विषयावर चार व्याख्यानं ऐकली आहेत, पण हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

बाईच्या कामाच्या वस्तू संग्रहालयात शोभत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्यांना पुण्याला पाठवा. तिथल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी मांडलेली आहेत आणि लोक ती तिकीट काढून बघतात. घरातली वस्तू मोलाची ठरवायला कुणाची तरी नजर लागते. मग घरातलं श्रम मोलाचं ठरवायला नजर का मिळू नये?

म्युझियमवरचा सगळा राग काढून झाला असं समजू नका. त्याच्याच समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरी एक इमारत आहे. तिची गोष्ट याच्या उलट आहे. सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह, १९११ साली बांधलेलं, आणि आराखडा पुन्हा विटेटचाच. नावातच सार्वजनिक. तिथं सभा झाल्या, भाषणं झाली, गाण्याच्या मैफली झाल्या. पुढे नवी वातानुकूलित सभागृहं आली आणि याचे दिवस फिरले. मग लग्नं, मुष्टियुद्धाचे सामने, चामड्याच्या मालाची प्रदर्शनं, कामगार संघटनांच्या सभा, जे मिळेल ते चालत राहिलं. अखेर इमारतीचं अंतरंग बदलून १९९६ साली तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं.

चांगलंच झालं, चित्रांना जागा मिळाली. पण बघा हं. एका बाजूला म्युझियमसाठी बांधलेली इमारत आधी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र झाली. दुसऱ्या बाजूला लोकांच्या सभेसाठी बांधलेली इमारत म्युझियम झाली. मध्ये एक रस्ता. दोन्हीकडे वापर बदलला आणि दोन्ही इमारती आजही जशाच्या तशा उभ्या आहेत. मग आमच्या तीन कुलूपबंद खोल्यांनाच असा कुठला शाप लागलाय, की त्यांत मोडक्या खुर्च्यांशिवाय काही राहूच शकत नाही?

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती भिडे वाड्यात. तो वाडा काही शाळेसाठी बांधलेला नव्हता. भिड्यांनी जागा दिली आणि शाळा झाली. त्याच वाड्याची पुढे किती वर्षं दैना झाली आणि स्मारकासाठी न्यायालयात किती काळ घासाघीस चालली, हे आपण पाहिलं. अखेर २०२३च्या डिसेंबरमध्ये पडका वाडा उतरवला गेला. स्मारकासाठी लढायला सगळे पुढे येतात. वाडा धडधाकट असताना त्यात मुलींना बसू देणारा भिडे एखादाच निघतो.

अगदी अलीकडचं उदाहरण आम्हा समाजकार्याच्या विद्यार्थिनींना तोंडपाठ आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर मिळून स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पोलीस आयुक्तालयाच्या आवारात. पोलिसांचं आवार म्हणजे मार खाऊन आलेल्या बाईनं ज्याच्या फाटकाशीच घाबरावं अशी जागा. तिथं एक टेबल आणि समजून घेणारी कार्यकर्ती बसवली, तर त्याच जागेचा अर्थ बदलला. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. पोलिसांच्या वास्तूला हे चाललं, मग बाकीच्यांना काय होतंय?

आता कायद्याचंही बघू. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली. टाळ्या वाजल्या. पण आमची बाई चार घरी काम करते. चारही घरं मिळून माणसं भरतात सोळा. तिच्या मालकिणीच्या कार्यालयात पाळणाघर असू शकतं आणि मालकिणीचं मूल तिथं नाहीतर आमच्या बाईच्या हातात सुरक्षित असतं. आमच्या बाईच्या मुलाला मात्र कायद्यातही जागा नाही आणि इमारतीतही नाही. शहरं चालतात ती या बायकांच्या जिवावर, आणि शहराच्या नकाशात त्यांचं मूल कुठं ठेवायचं याची खूण नाही.

माझ्या काही मैत्रिणी विचारतात, पाळणाघराच्या भांडणात म्युझियम कशाला? मला वाटतं, दोन्ही भांडणं एकच आहेत. समाजाला काय जपून ठेवावंसं वाटतं, हे त्यानं कशाला छत दिलंय यावरून कळतं. मला मूर्ती बाहेर काढून पाळणे आत न्यायचे नाहीत. आमच्या बायकांनी त्या मूर्ती डोळे भरून पाहिल्या, आणि पुन्हा जायचं ठरवलंय. आम्हाला दोन्ही हवं. घुमट बघायला जायची उसंत हवी आणि ती उसंत मिळावी म्हणून मूल ठेवायला जागा हवी. उन्हापावसात बाहेर काम करणाऱ्या बाईला लघवीला जायची सोय मिळावी म्हणूनसुद्धा या शहरात २०११पासून मोहीम चालवावी लागली. तेव्हाही उत्तर हेच यायचं, जागा नाही.

त्या घुमटाच्या आवारात २०१९ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडलं. जवळपास शंभर वर्षांनी मुलं तिथं परत आली म्हणायची. ज्यांनी ते केलं त्यांचं अभिनंदन. आता त्याच मुलांना याच इमारतीतल्या पहिल्या मुलांचीही गोष्ट सांगावी, एवढं माझं मागणं आहे. इमारतीच्या इतिहासात युवराज, गव्हर्नर, वास्तुशिल्पकार यांच्यावर परिच्छेद असतात. रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र अर्ध्या ओळीत उरकतात. तिथं मुलांची काळजी कुणी घेतली, रुग्णांना पाणी कुणी पाजलं, चादरी कुणी धुतल्या, हे त्या अर्ध्या ओळीत मावत नाही.

नुसतं रडगाणं गाऊन लेख संपवायची सवय आपल्याला नको. म्हणून आमच्या गटानं ठरवलेल्या मागण्या देते. पटल्या तर आपापल्या गावी घ्या, कमी-जास्त करा.

एक. प्रत्येक वॉर्डातल्या, प्रत्येक गावातल्या सार्वजनिक इमारतींमधल्या रिकाम्या आणि कुलूपबंद खोल्यांची यादी जाहीर करा. २००५चा माहिती अधिकाराचा कायदा आपल्या हातात आहे. आम्ही अर्ज टाकलाय, तुम्हीही टाका.

दोन. 'वापर बदलता येत नाही' हे उत्तर तोंडी चालणार नाही. नियमाचा क्रमांक घालून लेखी द्या. आणि ज्या इमारतींचा वापर आजवर बदलला त्यांना कुठल्या नियमानं परवानगी मिळाली, तेही सांगा.

तीन. घरकामगार, फेरीवाल्या, कचरावेचक, नाका कामगार बायकांच्या मुलांसाठी वस्तीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पाळणाघर, सार्वजनिक इमारतीत. भाडं माफ आणि वेळ सकाळी सहापासून. दहा वाजता उघडणारं पाळणाघर आमच्या काय कामाचं?

चार. मारहाण झालेल्या बाईशी बोलायला दार लावता येईल अशी खोली. जिन्याखालचा कोपरा नको.

पाच. संग्रहालयांनी स्वतःच्या इमारतीच्या वापराचा पूर्ण इतिहास दर्शनी भागात लिहावा. कुणी बांधलं, कुणी राबलं, कोण आजारी पडलं, कुणाची मुलं तिथं वाढली. आणि वस्तीतल्या बायकांच्या गटांना वर्षातून काही दिवस विनाशुल्क प्रवेश आणि मराठीत समजावून सांगणारी मार्गदर्शक द्यावी.

मागण्या वाचून साहेब हसतील. हसू देत. पुढच्या भेटीला आम्ही त्या घुमटाचं एक छायाचित्र घेऊन जाणार आहोत. खाली तीन तारखा लिहिल्या आहेत. १९०५ कोनशिला, १९२० ताबा, १९२२ उद्‌घाटन. मधल्या काळात काय चालत होतं, ते मावशी सांगणार आहेत. त्यांनी पाठ केलंय. मी बाजूला बसणार.

तुमच्याही गावात अशी एखादी इमारत असेलच. संस्थानिकाचा वाडा कचेरी झालेला, तबेल्याची शाळा झालेली, शाळेचं गोदाम झालेलं. तिची हकीकत शोधा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना कागदापेक्षा जास्त आठवतं. लिहून या अंकाकडे पाठवा. पुढच्या वेळी कुणी 'ही वास्तू त्यासाठी नाही' म्हणालं की आपल्याजवळ एक नाही, पन्नास उदाहरणं असली पाहिजेत.

आणि कुलूप उघडलं, तर तेही कळवा. आम्ही कळवूच.